सिम्युलेशन हिरवं, बोअरमध्ये स्पंज: एस.जी. हबच्या कामाच्या नोंदी

४ जून

जॉब: ट्रॅक्टर ट्रॉलीच्या एक्सलचा हब. ग्रेड एस.जी. ५००/७ (एस.जी. म्हणजे स्फेरॉइडल ग्रॅफाइट लोखंड, आतला ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात), वजन ११.६ किलो. ग्रीन सँड मोल्डिंग (बेंटोनाइट आणि पाणी घातलेल्या वाळूचा साचा), एका पेटीत दोन नग, दोन्हींच्या मध्ये एकच राइझर (गोठताना नगाला कमी पडणारा धातू पुरवणारा साठा). हबची भिंत २२ मिमी, फ्लँज २० मिमी, बाहेरचा व्यास २२०, आतून शेल कोअर (बोअर, म्हणजे आतलं भोक, घडवणारा वाळूचा गाभा).

तक्रार गिऱ्हाइकाकडून आली. बेअरिंग सीटचा फिनिश कट झाला की बोअरमध्ये, नेमका फ्लँजच्या पातळीवर, बोटाच्या नखाएवढा स्पंजी पट्टा उघडा पडतो. तोही राइझरच्या विरुद्ध बाजूला. शंभरात दहा-अकरा नग. वरून माल चकाचक दिसतो, त्यामुळे आमच्या फायनल तपासणीतून बिनबोभाट पास होतो. मग नगाची किंमत गेली ती गेलीच, वर मशिनिंगची डेबिट नोट आणि परतीचं भाडं.

मेथडिंग, म्हणजे धातू कसा ओतायचा आणि राइझर कुठे ठेवायचा याची आखणी करताना सॉलिडिफिकेशन सिम्युलेशन (धातू कसा गोठेल याचं संगणकावरचं गणित) करून घेतलं होतं. त्याच्या रिपोर्टात हॉटस्पॉट (सर्वांत शेवटी गोठणारी जागा) राइझरमध्ये, पार्ट सगळा हिरवा आणि खाली ‘नो श्रिंकेज प्रेडिक्टेड’, म्हणजे आकुंचनाची पोकळी नाही. या रिपोर्टावरच पॅटर्न (वाळूत साचा उमटवणारा नमुना) पास झाला होता.

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल भागात बऱ्याच फाउंड्र्या आता असे रिपोर्ट बाहेरून करून घेतात. हबसारखा जॉब ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. कुठलं सॉफ्टवेअर ते लिहिणार नाही, कारण त्याने दिलेल्या आकड्यांवर गणित बरोबरच केलं. घोळ दिलेल्या आकड्यांत होता.

६ जून

रिपोर्टाची रंगीत पानं बाजूला ठेवली आणि शेवटचं इनपुटचं पान काढलं. ते सहसा कुणी वाचत नाही. त्यात गृहीत धरलेलं असं:

ओतण्याचं तापमान १४०० अंश, सगळ्या पेट्यांना तेवढंच. साचा एका क्षणात भरला आणि भरताना धातू कुठेच थंड झाला नाही. मेटल डेटाबेसमधलं ‘५००/७’, आमच्या हीटचं (भट्टीतल्या एका वितळीचं) कार्बन-सिलिकॉन नाही. वाळू ‘ग्रीन सँड’, २५ अंशांवर. कोअरलाही तीच वाळू, आणि भरीव. धातू आणि वाळूमधला उष्णता देवाणघेवाणीचा गुणांक, म्हणजे एच.टी.सी., सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच. साच्याची भिंत तसूभरही हलत नाही.

आणि श्रिंकेज कशावरून ठरवलं? नियामा निकषावरून. हा निकष १९८२ साली जपानमध्ये स्टीलच्या कास्टिंगसाठी मांडला गेला: तापमानाचा उतार भागिले थंड होण्याच्या वेगाचं वर्गमूळ, आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की पोरॉसिटीचा धोका. स्टीलला तो चांगला लागू पडतो. एस.जी. आयर्नची गोष्ट वेगळी आहे. गोठताना ग्रॅफाइट बाहेर पडतो. त्याची घनता २.२ च्या आसपास, लोखंडाची सातच्या वर, त्यामुळे धातू आतून फुगतो. हे फुगणं साच्याने दाबून धरलं तर आकुंचनाची पोकळी बरीचशी आपोआप भरते, नाही धरलं तर भिंत बाहेर सरकते आणि आत पोकळी राहते. नियामाच्या सूत्रात या फुगण्याला जागाच नाही. म्हणजे आमच्या पार्टवरचा हिरवा रंग स्टीलच्या नियमाने दिलेला होता.

कन्सल्टंटला फोन केला. माणूस सरळ आहे. म्हणाला, “तुम्ही कॅड फाइल आणि ग्रेड पाठवलात, बाकीचं मी डीफॉल्ट ठेवलं. कुणीच काही सांगत नाही हो, सगळ्यांचं असंच करतो.”

९ जून

परत आलेले चार नग बँडसॉवर उभे कापले आणि डी.पी. (बारीक छिद्रं-तडे रंगाने दाखवणारी तपासणी) मारली. पांढऱ्या डेव्हलपरवर दोन मिनिटांत लाल ठिपके फुटले. ठिपके जॉइंटच्या मध्यावर नव्हते, कोअरच्या अंगाला सरकलेले होते, बोअरच्या पृष्ठभागापासून तीन-चार मिमी आत. फिनिश कट नेमका तिथपर्यंत पोचतो. उष्णता बाहेरून निघून गेली आणि आतून अडली, याची ही सरळ खूण.

मग कोअर बघितला. शेल कोअर अर्थातच पोकळ, भिंत जेमतेम दहा मिमी. कॅडमध्ये तो भरीव दांडा होता, कारण पार्टच्या भोकातूनच तो तयार केलेला. पोकळ कोअरमध्ये उष्णता शोषायला वाळूच कमी. तो लवकर तापून जातो आणि नंतर बोअरच्या बाजूने धातूला थंड व्हायला वाव राहत नाही. फाउंड्रीतल्या कुठल्याही माणसाला हे माहीत आहे. मॉडेलला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

१० जून

आज खरा शोध लागला, तोही पॅटर्न शॉपमध्ये.

पॅटर्नला रेडियस गेज लावली. ड्रॉइंगवर हब-फ्लँजच्या कोपऱ्याच्या गोलाईला, म्हणजे फिलेटला, आर-६ (६ मिमी त्रिज्या). पॅटर्नवर आर-१२. दोन्ही बाजूंना, गोल सगळीकडे. पॅटर्नच्या मिस्त्रींना विचारलं तर त्यांना त्यात विशेष काही वाटलंच नाही. “साहेब, वाळू कोपऱ्यात तुटती म्हणून पुट्टी भरली. मोल्डिंगवालेच मागं लागलेले. लई दिवस झाले की त्याला.” त्यांचंही खरं. सँड ड्रॉपची बोंब झाली, त्यांनी ती मिटवली.

कागदावर हिशेब केला. हबची २२ ची भिंत, त्यातून निघणारा २० चा फ्लँज. अशा टी-जॉइंटमध्ये मावणारं सर्वांत मोठं वर्तुळ काढलं. आर-६ ला त्याचा व्यास २९.५ मिमी येतो, आर-१२ ला ३२.५. तीन मिमीचा फरक कुणाला मोठा वाटणार नाही. पण च्वोरिनोव्हचा १९४० चा नियम सांगतो की गोठण्याचा वेळ आकारमान आणि पृष्ठफळाच्या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो. ढोबळमानाने व्यासाचा वर्ग घेतला तरी वीस टक्क्यांहून जास्त वेळ. तेवढ्या वेळात २० चा फ्लँज गोठून राइझरकडून येणारी वाट बंद होते.

सिम्युलेशन झालं ते ड्रॉइंगमधल्या पार्टचं. आम्ही ओतत होतो तो पुट्टीवाला पार्ट.

१४ जून

पाऊस सुरू. नवीन वाळू ओली येतेय, परतीची वाळू दुपारच्या पाळीत गरम. मिक्सरच्या तोंडाशी थर्मामीटर खुपसला, ५२ अंश. मॉडेलमध्ये २५. गरम वाळूत पाणी टिकत नाही, बेंटोनाइट नीट चढत नाही, आणि मोल्डरच्या हाताला वाळू बरी लागली तरी साचा भुसभुशीत राहतो.

बी-स्केलच्या हार्डनेस टेस्टरने साचे तपासले. पार्टिंगच्या (साच्याच्या दोन भागांच्या जोडाच्या) सपाट भागावर ८८ ते ९०. फ्लँजखालच्या खोल खिशात ७२ ते ७५. म्हणजे जिथे फुगवट्याचा जोर येणार तिथेच साचा मऊ.

१६ जून

आजची युक्ती फुकटची आहे, कुणीही करावी. शॉटब्लास्टमधून आलेला प्रत्येक नग वजनकाट्यावर ठेवला. बहुतेक ११.५ ते ११.७ किलोत. काही मात्र ११.८५ च्या वर. जड नगांच्या फ्लँजला व्हर्निअर लावला तर दोन्ही तोंडांना मिळून सव्वा-दीड मिमी जाडी जास्त. २२० च्या फ्लँजवर एवढी सूज म्हणजे अडीचशे-तीनशे ग्रॅम, वजनातला फरक जुळला. जड नग कापले, जवळपास सगळ्यांत स्पंज. हलक्यांत क्वचित.

साच्याची भिंत हलते, याला आणखी पुरावा नको.

१९ जून

तापमान. लॅडल (धातू ओतायचं भांडं) ३०० किलोची, त्यातून नऊ पेट्या. प्रत्येक पेटीआधी तापमान मोजणारी इमर्शन टिप धातूत बुडवली. पहिल्या पेटीला १४१२, शेवटच्या पेटीला १३४५. रिपोर्टातलं १४०० दुसऱ्या पेटीच्या आसपास कुठेतरी खरं होतं. पेट्यांवर खडूने नंबर टाकून माल शेवटपर्यंत वेगळा ठेवला. त्यासाठी फेटलिंगवाल्यांशी (कास्टिंग साफ करणाऱ्यांशी) थोडी हुज्जत घालावी लागली, कारण वेगळे ढीग म्हणजे त्यांना जादा काम.

निकाल: स्पंज मुख्यतः पहिल्या तीन पेट्यांत. गरम धातूचं द्रव अवस्थेतलं आकुंचन जास्त (१०० अंशांमागे साधारण एक ते दीड टक्का) आणि साच्यावर ताणही जास्त वेळ. शेवटच्या दोन पेट्यांत स्पंज नाही, पण फ्लँजच्या कडेला कोल्ड शट (थंड धातू नीट न जुळल्याची रेघ), शिवाय मॅग्नेशियम उतरत चालल्याने नोड्यूलची (ग्रॅफाइटच्या गोळ्यांची) प्रत घसरलेली. एका लॅडलमध्ये तीन वेगळे जॉब ओतल्यासारखी अवस्था, आणि सिम्युलेशन एकच.

२४ जून

इंजिनिअरिंग कॉलेजातून डेटा लॉगर उसना आणला. धातूत बुडणाऱ्या टोकाला एस-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी), क्वार्ट्झच्या नळीत. वाळूत के-टाइप, कारण तिथे तापमान त्याच्या आवाक्यात असतं. के-टाइप वितळलेल्या लोखंडात घालू नका, टिकत नाही.

पहिली पेटी वाया. थर्मोकपलची वायर पार्टिंगमधून बाहेर काढताना पेटी बंद करणाऱ्याने ती चिमटली, ओततानाच रीडिंग गेलं. त्यानंतर वायरसाठी पेटीला खाच पाडली.

मिळालेला आकडा: जॉइंटच्या मध्यावर धातू पूर्ण गोठायला ५ मिनिटं २० सेकंद. सिम्युलेशन म्हणत होतं ४ मिनिटं १० सेकंद.

२७ जून

कन्सल्टंटकडे बसलो. आकडे दाखवल्यावर त्याने ताबडतोब एच.टी.सी. कमी केला, दोन-तीन रन झाले आणि जॉइंटचा वक्र मोजलेल्या वक्रावर बरोबर बसला. चहा आला. मग मी फ्लँजच्या कडेवरच्या दुसऱ्या थर्मोकपलचा वक्र लावायला सांगितला, तर तिथे मॉडेल आता खूपच संथ. आधी तिथे जुळत होतं, ते बिघडलं.

थोडं थांबून लिहितो, कारण या कामातली हीच सगळ्यांत मोठी फसगत. एच.टी.सी. हा असा आकडा आहे की तो फिरवून कुठलंही एक टोक जुळवता येतं. चुकीचं फिलेट, भरीव कोअर, गरम वाळू, सगळ्यांची भरपाई त्या एकाच आकड्यात कोंबली जाते, आणि आलेख सुंदर दिसतो. प्रत्यक्षात धातू आकसला की साच्यापासून सुटतो, मध्ये हवेची फट पडते, गुणांक घसरतो. एस.जी.त फुगवट्यामुळे तो परत चिकटतोही. वाळूतलं पाणी वाफ होऊन मागच्या थंड थरात जातं आणि तिथे परत पाणी होतं. हे सगळं एका स्थिर आकड्यात मावत नाही. मावल्यासारखं दिसतं, ते त्या एका बिंदूपुरतं.

म्हणून क्रम उलटा केला. एच.टी.सी. मूळ जागी ठेवला. आधी आकार खरा केला: पॅटर्नवर मोजलेलं आर-१२, पोकळ कोअर. मग पदार्थ: कोअरला शेल सँडचे गुणधर्म, वाळू ५० अंश. एवढ्यावरच जॉइंटचा वेळ पाच मिनिटांपर्यंत आला आणि फ्लँजची कडही जागेवर राहिली. उरलेल्या थोड्या फरकासाठी एच.टी.सी.ला किंचित हात लावला.

२९ जून

मेश, म्हणजे मॉडेलमध्ये पार्टचे पाडलेले बारीक तुकडे (सेल), ५ मिमीचा होता. राइझरचा नेक (राइझर आणि नग जोडणारी मान) १२ मिमी जाड, म्हणजे जाडीत जेमतेम दोन सेल. एस.जी.त नेक कधी बंद होतो यावर सगळा खेळ: द्रव आकुंचन संपेपर्यंत उघडा हवा, फुगवटा सुरू झाला की बंद हवा, नाहीतर आतला दाब राइझरकडे परत निघून जातो. दोन सेलवर तो क्षण कसा कळणार? २.५ मिमी केला. सेल आठपट, टाइम स्टेपही बारीक. पंचवीस मिनिटांचा रन रात्रभर चालला आणि सकाळी वीज गेल्याने शेवटच्या टप्प्यात बंद पडला. दुसऱ्या रात्री परत. यू.पी.एस.ची बॅटरी बदलायचं काम कन्सल्टंटने लिहून घेतलं.

नवीन रनमध्ये नेक आधीच्या अंदाजापेक्षा उशिरा बंद होतोय. राइझरच्या विरुद्ध बाजूला, कोअरच्या अंगाला, एक वेगळा पडलेला द्रव खिसा दिसला. लाल ठिपके होते तिथेच.

३ जुलै

आता उपाय. सुधारलेल्या मॉडेलने सुचवलं ते चिल: राइझरच्या विरुद्ध बाजूला, फ्लँजखाली, धातू लवकर गोठवणारा कास्ट आयर्नचा ठोकळा. स्क्रीनवर खिसा गायब झाला. सगळे खूश, मालकसुद्धा.

८ जुलै

चिल लावून माल ओतला. स्पंज नाही. पण चिलच्या तोंडावर ब्लोहोल (गॅसची छिद्रं), साबुदाण्याएवढे, जवळपास प्रत्येक नगाला. पावसाची हवा, थंड लोखंडी ठोकळा, भोवती ओली वाळू. साचा बंद करून पाऊण तास ठेवला तर चिलला घाम सुटतो. गंजाचा थर असला तर आणखीच. मॉडेलमध्ये चिल म्हणजे स्वच्छ, कोरडा, पूर्ण टेकलेला ठोकळा. गॅस त्याच्या हिशेबात नाही, सॉलिडिफिकेशन रनमध्ये तो कधीच नसतो, आणि रिपोर्टातल्या ‘डिफेक्ट फ्री’ शब्दाचा अर्थ फक्त आकुंचनापुरता असतो. हा अख्खा लॉट वितळायला परत गेला.

चिल तापवून, कोटिंग करून, लगेच ओतून हे टाळता येतं. पण आमच्या मोल्डिंग लाइनवर पेटी बंद झाल्यापासून धातू येईपर्यंतचा वेळ कुणाच्या हातात नाही. चिल रद्द.

१५ जुलै

स्क्रीन बंद ठेवून तीन कामं केली.

पुट्टी खरवडून पॅटर्न परत आर-६ ला आणला. मिस्त्री नाराज. “परत वाळू तुटली की माझ्याकडं येऊ नका,” असं स्पष्ट सांगितलं. त्यांचं ऐकून त्याच कोपऱ्यात ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून दिलेला उतार) एक अंशाने वाढवला. गिऱ्हाइकाकडून त्याची लेखी परवानगी घेतली, त्यात आठवडा गेला.

खोल खिशाच्या तळाला पॅटर्न प्लेटवर व्हेंट बसवले, म्हणजे वाळू भरताना हवा अडकत नाही, आणि स्क्वीझचा दाब थोडा वाढवला. हार्डनेस ७४ वरून ८५ च्या आसपास. मोल्डिंगवर आमचे मामा आहेत, हाताने वाळू दाबून ओलावा सांगणारे. त्यांनी दुपारच्या पाळीसाठी परतीची वाळू एक बिन मागे ठेवून थंड होऊ द्यायची सोय काढली. वाळू आता चाळिशीत येते.

तिसरं, या जॉबला १३६० ते १३९५ एवढीच खिडकी. लॅडलमधून पहिली पेटी दुसऱ्या जाड जॉबची ओतायची, मग हबच्या सहा पेट्या, उरलेला धातू पिगमध्ये. मेल्टिंगवाल्यांना हे पसंत नाही, कारण पिग म्हणजे परत वितळायची वीज. त्यांचा हिशेब आणि डेबिट नोटांचा हिशेब शेजारी ठेवून मालकांना दाखवला. बैठक लांबली नाही.

२९ जुलै

गिऱ्हाइकाकडून आकडे: या लॉटमध्ये शंभराला तीन. वजनकाट्याची तपासणी कायम केली. ११.८ च्या वरचा नग पाठवायचाच नाही, कापून बघायचा.

सँड ड्रॉप थोडा वाढलाय. मिस्त्रींनी अजून काही म्हटलेलं नाही, पण बघतात.

५ ऑगस्ट

कन्सल्टंटला आता कॅडबरोबर एक पान जातं. पॅटर्नवर मोजलेली फिलेट आणि जाडी, ड्रॉइंगमधली नव्हे. कोअर पोकळ की भरीव, भिंत किती. लॅडलमधल्या पहिल्या आणि शेवटच्या पेटीचं तापमान, आणि दोन्ही टोकांसाठी वेगळा रन. वाळूचं तापमान. सर्वांत मऊ जागेचा हार्डनेस. हा शेवटचा आकडा सॉफ्टवेअर घेतच नाही, पण लिहितो, कारण रिपोर्ट वाचणाऱ्याला कळायला हवं की कुठल्या साच्यावर भरवसा ठेवून तो हिरवा रंग आलाय. नियामाचं चित्र एस.जी.साठी मागायचं बंद केलं. त्याऐवजी द्रव खिसे कुठे वेगळे पडतात आणि नेक कधी बंद होतो, एवढंच मागतो. दोन मेथडिंगपैकी बरं कुठलं, हे सांगायला तेवढं पुरतं.

११ ऑगस्ट

त्याच गिऱ्हाइकाचा मोठा हब आलाय. भिंत ३८, कोअर भरीव कोल्ड बॉक्सचा. मार्केटिंगने विचारलं, जुळवलेलं मॉडेल आहेच, त्यावर रेट देऊन टाकू का. एच.टी.सी.चा आकडा २२ च्या भिंतीवर आणि पोकळ कोअरवर बसवलेला. इथे तो लागेलच असं नाही. सँपलच्या पहिल्या पेटीत थर्मोकपल घालायचे ठरले, लॉगर कॉलेजातून परत मागितलाय. तोवर रेटमध्ये रिजेक्शन आठ टक्के धरायला सांगितलं. मार्केटिंगने पाच टाकलं.